यंत्राने मान वळवली, आणि अंगावर काटा आला

उद्या-परवाच्या जगात घडणाऱ्या थरारकथा वाचायची मला जुनी चटक आहे. त्यांत एक प्रसंग हमखास भेटतो. रात्रीची वेळ, प्रयोगशाळा रिकामी, बंद करून ठेवलेला रोबोट कोपऱ्यात उभा. नायिका दिवा मालवते, दाराकडे निघते, आणि तिच्या पाठीमागे रोबोटची मान हळूच तिच्या दिशेने वळते. पुढे गोळीबार होतो, शहरं अंधारात बुडतात, पण माझ्या अंगावर काटा येतो तो त्या मान वळण्याने.

असं का होतं? नेहमी मिळणारं उत्तर चेहऱ्याबद्दलचं आहे. जपानी रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये मांडलं की यंत्र माणसासारखं दिसू लागलं की ते आपल्याला आवडत जातं, पण अगदी माणसाच्या जवळ येऊन थोडक्यात चुकलं की एकदम नकोसं वाटतं. हे खरंही असेल, पण मला ते अपुरं वाटतं. खरी गंमत हालचालीत आहे, आणि ती मी एका बिनचेहऱ्याच्या गाडीकडून शिकलो.

मेंदूची रचना अभ्यासणारे व्हॅलेंटिनो ब्राइटेनबर्ग जर्मनीत ट्युबिंगेनला काम करत. १९८४ मध्ये त्यांनी काही काल्पनिक गाड्यांचं वर्णन केलं. गाडीला मागे दोन चाकं, प्रत्येक चाकाला स्वतंत्र मोटर. पुढे डावीकडे आणि उजवीकडे एकेक प्रकाश-सेन्सर. जितका प्रकाश जास्त, तितकी त्याला जोडलेली मोटर जोरात. संगणक नाही, प्रोग्राम नाही, फक्त दोन तारा.

आता डावा सेन्सर डाव्या मोटरला आणि उजवा उजव्या मोटरला जोडा. समोर किंचित डावीकडे दिवा आहे. डाव्या सेन्सरवर प्रकाश जास्त पडतो, डावं चाक जोरात फिरतं, त्यामुळे गाडी उजवीकडे वळते. म्हणजे दिव्यापासून दूर. अंधारात पोचली की मंदावते. ब्राइटेनबर्ग म्हणतात, ही गाडी भित्री आहे.

त्याच तारा उलटसुलट करा, डावा सेन्सर उजव्या मोटरला आणि उजवा डाव्या मोटरला. दिवा डावीकडे असला की आता उजवं चाक जोरात फिरतं आणि गाडी दिव्याकडे वळते. जवळ जावं तसा प्रकाश वाढतो, दोन्ही चाकं आणखी जोरात फिरतात, आणि गाडी दिव्यावर जाऊन आदळते. ही आक्रमक.

तिसरी जोडणी माझी सगळ्यात लाडकी. तारा पुन्हा सरळ, पण परिणाम उलटा: प्रकाश वाढला की मोटर मंद. दिवा डावीकडे असेल तर डावं चाक मंदावतं, गाडी दिव्याकडे वळते, जवळ येता येता हळू होत जाते आणि दिव्याकडे तोंड करून थांबते. ब्राइटेनबर्ग यांनी हिला प्रेम म्हटलं. (मंदावणाऱ्या तारा उलटसुलट केल्या तर काय होईल, हे कागदावर बाण काढून पाहा. उत्तर सापडल्याचा आनंद मी हिरावून घेत नाही.)

मी आक्रमक जोडणीची गाडी खेळण्यातल्या मोटरी वापरून बनवली. भाचीने हातात टॉर्च धरला होता. गाडी वळली, तिच्याकडे येऊ लागली, वेग वाढला. तिने पाय खुर्चीवर घेतले आणि ओरडली, "मामा, हिला माझा राग आलाय!" सगळी जोडणी तिने माझ्याशेजारी बसून पाहिली होती. गाडी प्रकाशाकडे जाते हेही तिला ठाऊक होतं. तरी तिच्या मेंदूने राग पाहिला.

अशी फसगत मोठ्यांचीही होते. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल इथे मेंदूशास्त्रज्ञ ग्रे वॉल्टर यांनी १९४८-४९ मध्ये दोन यांत्रिक कासवं बनवली, प्रत्येकात मेंदूच्या जागी केवळ दोन व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या. कासवाच्या नाकावर एक छोटा दिवा होता आणि तो दिशा बदलणाऱ्या मोटरबरोबरच पेटत असे. आरशासमोर सोडलं की कासवाला स्वतःच्याच दिव्याचं प्रतिबिंब दिसे. प्रकाश दिसला की दिशा-मोटर थांबे, तिच्याबरोबर दिवा विझे, प्रकाश गेला म्हणून मोटर परत सुरू, दिवा परत चालू. कासव लुकलुकत, थरथरत आरशासमोर नाचू लागे. एखाद्या प्राण्याने असं केलं असतं तर ते आत्मभानाचा पुरावा मानलं गेलं असतं, असं खुद्द वॉल्टर यांनी नोंदवलं आहे.

म्हणजे हालचालीला हेतू चिकटवण्याचं यंत्र आपल्या कवटीत आहे, आणि ते फार स्वस्तात सुरू होतं. त्यामागचा हिशेब सोपा आहे: दोरीला साप समजलात तर एक उडी वाया जाते, सापाला दोरी समजलात तर जीव जातो. थरारकथेचा लेखक नेमकी हीच कळ दाबतो.

कर्ट ग्रे आणि डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञांचं २०१२ मधलं संशोधन इथे मोलाचं आहे. खूप काही करू शकणाऱ्या यंत्रापेक्षा ज्याला भूक, वेदना, भीती जाणवते असं सांगितलं जातं, ते यंत्र लोकांना जास्त अस्वस्थ करतं, असं त्यांना आढळलं. कथेतला रोबोट "मला बंद करू नका" म्हणतो तेव्हा पोटात गोळा येतो, तो म्हणूनच.

बातम्याही हीच कळ दाबतात, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. २०१७ मध्ये फेसबुकच्या संशोधकांनी दोन चॅटबॉटना आपसात वाटाघाटी करायला शिकवलं. व्याकरणशुद्ध बोलण्याबद्दल त्यांना कसलेच गुण नव्हते, म्हणून त्यांची भाषा तुटक होत गेली. संशोधकांनी प्रयोगाची मांडणी बदलली, एवढंच. मथळे मात्र झळकले की यंत्रांनी गुप्त भाषा शोधली आणि घाबरून ती बंद करावी लागली! हे साप समजून भुई धोपटणं झालं.

यंत्रांत धोका नाही असं मी म्हणत नाही. पण धोक्याला जाणीव लागत नाही. 'रोबोट' हा शब्द जगाला देणारं चेक लेखक कारेल चापेक यांचं नाटक प्रागच्या राष्ट्रीय रंगभूमीवर २५ जानेवारी १९२१ रोजी आलं. त्यात रोबोट बंड करून माणसांना संपवतात. बरोबर ५८ वर्षांनी, २५ जानेवारी १९७९ रोजी, अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या एका मोटार कारखान्यात सुटे भाग काढायला सामानाच्या उंच मांडणीत चढलेल्या कामगाराला यांत्रिक हाताचा मागून तडाखा बसला आणि तो मरण पावला. रोबोटमुळे झालेला हा पहिला मृत्यू मानतात. त्या हाताला राग नव्हता, हेतू नव्हता. शेजारी माणूस आहे हेही कळायची सोय नव्हती, म्हणून तडाख्यानंतरही तो आपलं काम करत राहिला. सुरक्षेची पुरेशी व्यवस्था नव्हती म्हणून कामगाराच्या कुटुंबाला न्यायालयातून १ कोटी डॉलरची भरपाई मिळाली.

तिथे हवी होती ती माणूस जवळ आला की मोटर मंद करत थांबवणारी एक तार. ब्राइटेनबर्ग यांच्या तिसऱ्या गाडीत होती, तीच.