थर्मोस्टॅट काढला की इंजिन तापत नाही?

उन्हाळ्यात हमखास फिरणारा सल्ला: 'ट्रॅक्टर तापतो? थर्मोस्टॅट काढून फेका, पाणी मोकळं फिरेल.' विदर्भात पारा ४५ला टेकला की हे कुणालाही पटेल.

पण थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवरची झडप, इंजिनाला थंड करत नाही. तो त्याला लवकर कामाच्या तापमानाला आणतो. इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद. साधारण ८० अंशांच्या आसपास आतलं मेण फुगतं, झडप उघडते. म्हणजे इंजिन तापतं तेव्हा वाट आधीच मोकळी असते. शिवाय बऱ्याच इंजिनांत झडप उघडताना बायपास, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी परत इंजिनात नेणारी वाट, बंद होतो. थर्मोस्टॅट काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न जाताच इंजिनात परततं.

तपासणी सोपी आहे. थर्मोस्टॅट दोरीने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, बुडाला टेकू देऊ नका, पाणी तापवा. उकळी फुटेपर्यंत झडप पूर्ण उघडली पाहिजे, गार झाल्यावर मिटली पाहिजे. नाही उघडली तर नवा बसवा. अडकलेल्या थर्मोस्टॅटने इंजिन खरंच तापतं. सल्ल्याचं मूळ बहुधा तिथेच असावं.

झडप ठीक असेल तर रेडिएटर बघा. थ्रेशर चालवला की हरभऱ्याचं कुटार जाळीत असं बसतं की पलीकडचा उजेड दिसत नाही. इंजिन गार झाल्यावर पंख्याच्या बाजूने बाहेर हवा मारा. मग पंख्याचा पट्टा आणि रेडिएटरच्या झाकणाचं रबर. झाकण मात्र गरम असताना उघडू नका.