१४२ घोडे आणि रामटेकची वळणं

रविवारी उजाडताना कामठी, कन्हान मागे टाकून आम्ही चौघं-पाचजण मनसरला चहाला थांबतो आणि मग रामटेकच्या गडावर चढतो. मागच्या खेपेला वर पोचल्या पोचल्या एकानं दुसऱ्याला विचारलं, "तुह्या गाडीत १४२ घोडे, मंग वळणावर एवढी जड काऊन वाटते बे?" ज्याला विचारलं त्याच्याकडे कावासाकी निन्जा १०००एसएक्स आहे. विचारणाऱ्याकडे रॉयल एनफिल्डची इंटरसेप्टर ६५०, म्हणजे ४७ अश्वशक्ती. हा प्रश्न मला फार आवडतो, कारण गाडी घेताना आपण ज्या आकड्याकडे सगळ्यात आधी पाहतो, त्यात त्याचं उत्तर नाही.

आधी त्या आकड्याचंच पाहू. पान्यानं नट आवळताना हात जो पीळ देतो, तो टॉर्क. तो पीळ किती झपाट्यानं दिला जातो, ती ताकद, म्हणजेच अश्वशक्ती. टॉर्क आणि इंजिनचे फेरे यांचा गुणाकार केला की ताकद मिळते. निन्जाचा सर्वाधिक टॉर्क १११ न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला ८,००० फेऱ्यांना. तिथे हिशेबानं साधारण १२६ अश्वशक्ती निघते. १०,००० फेऱ्यांना टॉर्क १०० च्या आसपास उतरलेला असतो, पण फेरे वाढल्यामुळे ताकद १४२ वर जाते. आता गडाच्या चढावर इंजिन कितीवर फिरतं? फार तर साडेतीन हजार. तिथे पूर्ण १११ चा टॉर्क मिळाला असं धरलं, तरी गाडी ५५-५६ अश्वशक्तीच्या वर जाऊच शकत नाही. उरलेले घोडे तबेल्यातच.

हमरस्त्यावर तर आणखी कमी लागतात. सपाट रस्ता, वारा पडलेला आणि वेग ८० असेल, तर हवेचा अडथळा आणि टायरचं घर्षण मिळून साधारण ६ ते ८ अश्वशक्ती पुरते. पण वेग दुप्पट केला की हवेला भेदायला लागणारी ताकद आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. मोठं इंजिन कामी येतं ते मागे माणूस आणि सामान घेऊन चढावर ट्रक ओलांडताना. लांबच्या प्रवासात चार सिलिंडरांचं मऊ फिरणं अंगाला कमी शिणवतं, हेही खरंच. माझ्या मते टूरिंगच्या गाडीत आपण पैसे मोजतो ते या मऊपणाचे.

आपल्या नागपुरात एक गोष्ट आणखी मोजायला हवी. जानेवारीतल्या पहाटेच्या १० अंशांपेक्षा मेमधल्या ४५ अंशांच्या हवेची घनता सुमारे ११ टक्के कमी असते. तेवढाच प्राणवायू कमी, म्हणून इंजिनची कमाल ताकदही साधारण त्याच मापानं घटते. उन्हाळ्यात गाडी मरगळल्यासारखी वाटते, तो भास नसतो.

आता वळण. ४० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी ५० ला गाडी साधारण २६ अंश कलते, ६० ला ३५. हा कोन फक्त वेग आणि त्रिज्या ठरवतात. वजन त्या सूत्रात येतच नाही. फरक पडतो तो टायरच्या रुंदीनं. निन्जाचा मागचा टायर १९० मिलिमीटरचा, इंटरसेप्टरचा १३०. गाडी कलली की रुंद टायरचा जमिनीला टेकणारा भाग जास्त बाजूला सरकतो, म्हणून तेच वळण घ्यायला तिला काही अंश जास्त कलावं लागतं.

पण कलायचं कसं? उजवीकडे वळायला आपण उजवं हँडल हलकेच पुढे ढकलतो. त्यानं पुढचं चाक क्षणभर डावीकडे जातं आणि गाडी उजवीकडे कलते. पटत नसेल तर तळहातावर काठी तोलून बघा. काठीला उजवीकडे न्यायचं तर हात आधी डावीकडे सरकवावा लागतो, मगच काठी उजवीकडे झुकते. आपण सगळे लहानपणी सायकल शिकताना हेच शिकलो, फक्त कुणी सांगितलं नाही.

गाडी हे किती पटकन ऐकते, ते बरंचसं ठरतं ट्रेलवरून. पुढचं चाक ज्या तिरप्या दांड्याभोवती वळतं, ती रेषा जमिनीपर्यंत वाढवली तर ती टायर टेकतो त्याच्या थोडी पुढे पडते. मधलं अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसच्या खुर्चीचं चाक ढकललं की आपोआप मागे फिरून सरळ होतं, तसंच हे अंतर चाकाला सरळ ठेवतं. ट्रेल जास्त तर गाडी सरळ रेषेत निश्चिंत, कमी तर वळायला चटकन तयार. निन्जाचा ट्रेल ९८ मिलिमीटर, १९० अश्वशक्तीच्या सुझुकी हायाबुसाचा ९०. गंमत म्हणजे इंटरसेप्टरचा १०६, तरी वळणावर तीच हलकी वाटते. म्हणजे एकट्या ट्रेलनंही भागत नाही. अरुंद टायर आणि कमी वजन तिच्या बाजूनं बोलतात. कोन तोच असला तरी एका बाजूचा कल मोडून दुसऱ्या बाजूला न्यायला जड गाडीला जास्त जोर लागतो, आणि गडाच्या रस्त्यावर वळणामागून वळण येतं.

फिरत्या चाकांमुळेच दुचाकी उभी राहते, असं आपण शाळेत ऐकतो. डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञानं १९७० मध्ये सायकलला उलट फिरणारं जादा चाक लावून तो परिणाम जवळपास रद्द केला, तरी सायकल चालवता आलीच. पुढे २०११ मध्ये डेल्फ्ट आणि कॉर्नेलच्या संशोधकांनी अशी सायकल बनवली जिच्यात चाकांच्या फिरण्याचा परिणाम रद्द केलेला होता आणि ट्रेलही चाकाला सरळ करणारा नव्हता. तीही ढकलल्यावर स्वारावाचून तोल सांभाळत गेली, कारण तिचं वजन नेमक्या जागी वाटलेलं होतं. वजन कुठे आहे, हा प्रश्न वजन किती आहे याइतकाच मोठा आहे.

टूरिंगवाल्यांनी हे तर लक्षात ठेवायलाच हवं. १९७१ मध्ये रॉबिन शार्प या इंग्रज अभियंत्यानं मोटरसायकलच्या अस्थिरतेचे प्रकार गणितानं वेगळे करून दाखवले. हँडलची झपाट्यानं होणारी थरथर हा त्यातला एक. दुसरा म्हणजे अख्खी गाडी सेकंदाला दोन-चार वेळा नागमोडी हलणं. मागच्या चाकाच्याही मागे, उंचावर वजन टांगलं की हा दुसरा प्रकार बळावतो.

मागच्या डिसेंबरात पचमढीला जाताना आमच्यातल्या एकाची गाडी ऐंशीच्या आसपास शेपूट हलवायला लागली. तो हँडल घट्ट धरायला लागला आणि हलणं आणखी वाढलं. शेवटी त्यानं हात सैल सोडले, गाडीचा वेग हळूहळू उतरू दिला. सौसरला थांबलो. मागच्या पेटीत पाण्याच्या बाटल्या, पाने आणि जादा चेन भरलेली होती, शिवाय मागच्या टायरमध्ये हवा कमी होती. जड सामान काढून टाकीवरच्या बॅगेत घातलं, पेटीत फक्त स्वेटर ठेवले, हवा भरली. छिंदवाड्यापर्यंत त्याच वेगाला ती गाडी एकदाही हलली नाही.