पंच (इंग्रजी शब्द)

पंच : ठोसा, भोक पाडण्याचे हत्यार, मिश्र पेय आणि कठपुतळीच्या खेळातला नायक अशा चार ठळक अर्थांनी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. उच्चार आणि स्पेलिंग एक असले, तरी या अर्थांचे कूळ एक नाही.

ठोसा व हत्यार हे त्यांतले भाऊबंद. दोन्ही जुन्या फ्रेंचमधून आले आणि त्यांच्या मुळाशी ‘टोचणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. कंडक्टर ज्याने तिकिटाला भोक पाडत असे तो चिमटा, अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथने वापरलेली सच्छिद्र कार्डे आणि आजच्या हजेरीचे ‘पंचिंग’ ही सारी त्या हत्याराचीच संतती.

पेयाची कथा आपल्या किनाऱ्यावर घडते, म्हणून ती अधिक जिव्हाळ्याची. ईस्ट इंडिया कंपनीच्या एका नोकराने १६३२ मध्ये लिहिलेल्या पत्रात हे नाव प्रथम आढळते. १६७३ च्या सुमारास पश्चिम किनाऱ्यावर आलेला कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर लिहितो, की गोव्याच्या माडाच्या दारूपासून इंग्रज लोक ‘पाँच’ बनवतात, हिंदुस्थानीत त्याचा अर्थ पाच, आणि त्यात पाच जिन्नस पडतात. दारू, साखर, लिंबाचा रस, मसाला व पाणी हे ते पाच, असे सहसा सांगतात. मात्र १६३८ मध्ये सुरतेत आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाच्या वर्णनात दारू, गुलाबपाणी, लिंबूरस आणि साखर असे चारच जिन्नस आहेत. त्या काळच्या इंग्रजी उच्चारात हा शब्द ‘पुंच’च्या जवळ जात असे, ही आणखी एक अडचण. त्यामुळे काही कोशकार तो दारूच्या पिंपाच्या ‘पंचन’ या नावाशी जोडतात. तरीही इथे प्रत्यक्ष येऊन लिहिणाऱ्या फ्रायरची साक्ष सहज बाजूला सारता येत नाही.

कठपुतळीचा पंच इटलीतला. ‘पुल्चिनेल्ला’ या विदूषकाचे नाव इंग्रजीत आखूड झाले. लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये इंग्रज रोजनिशीकार सॅम्युएल पेपिसने १६६२ च्या मे महिन्यात तो खेळ पाहिल्याची नोंद आहे. याच बाहुल्यावरून १८४१ मध्ये लंडनच्या व्यंग्य-साप्ताहिकाला नाव मिळाले आणि ते पुढे लखनौच्या ‘अवध पंच’पर्यंत (१८७७) पोचले.

मराठीतला निवाडा करणारा ‘पंच’ आणि ‘पंचनामा’ मात्र संस्कृत ‘पञ्च’पासूनचे. फ्रायरचे म्हणणे खरे धरले, तर ते त्या पेयाचे सख्खे नातलग ठरतात. मुष्टियुद्धात ‘पंच’ मोजणारे ‘पंच’ असतात, तिथे हे दोन शब्द केवळ ध्वनीने एकत्र येतात.