चाळिशीतला पार्किन्सन्स आणि नोकरी : दिव्यांग प्रमाणपत्र कुणाला, कुठे, कसं

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हात थरथरणारे आजोबा येतात. पन्नाशीच्या आत निदान झालेल्याची अडचण वेगळी असते. सकाळची लोकल पकडायची असते, घराचे हप्ते चालू असतात आणि ऑफिसात कुणाला काय सांगायचं हे ठरलेलं नसतं. माझं निदान ४४ व्या वर्षी झालं. ‘दिव्यांग’ हा शब्द स्वतःला लावून घ्यायची तयारी नव्हती, म्हणून पहिली दोन वर्षं मी प्रमाणपत्राचा विषयच काढला नाही. ती दोन वर्षं वाया घालवली असं आता वाटतं. हा कागद सवलतींसाठी थोडा आणि नोकरी टिकवण्यासाठी जास्त लागतो.

कोण पात्र

१९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते, त्यांत पार्किन्सन्स नव्हता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आले. मेंदू-मज्जासंस्थेच्या दीर्घकालीन आजारांत मल्टिपल स्क्लेरॉसिसच्या जोडीने पार्किन्सन्सचं स्पष्ट नाव आहे. त्यामुळे ‘हे यात बसतं का?’ असं कुणी विचारलं तर निःशंक ‘बसतं’ म्हणा. वयाची अट नाही.

मात्र निदान झालं म्हणजे ४० टक्के मिळाले असं होत नाही. टक्के ठरतात ते शरीराचं काम किती अडतंय यावरून. बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून पुढे सुरू होतात. त्याच्या खाली आलात तरी नोंद होते आणि कार्ड मिळतं. २०२४ च्या नियमबदलानंतर ४० च्या आत पांढरं, ४० पासून ८० च्या आत पिवळं आणि ८० व त्यापुढे निळं कार्ड असतं.

अर्ज आणि मुंबईतला घोळ

अर्ज केंद्र सरकारच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर करायचा. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा आणि आजाराचे कागद लागतात. या नोंदणीला आणि तिच्या कार्डालाच सगळे यूडीआयडी (दिव्यांगांचं विशिष्ट ओळखपत्र) म्हणतात.

घोळ होतो तो जिल्ह्यात. मुंबईत जिल्हे दोन. दादर, परळ, वरळी, सायन हे मुंबई शहरात. वांद्रे, अंधेरी, बोरिवली, कुर्ला, मुलुंड हे मुंबई उपनगरात. आधारवर पत्ता घाटकोपरचा आणि अर्जात जिल्हा ‘मुंबई शहर’, असं झालं की अर्ज अडकायची शक्यता असते. डोंबिवली-कल्याणकरांचा जिल्हा ठाणे, नोकरी फोर्टात असली तरी. उपचार जिथे चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयातही अर्ज करता येतो. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी आधी आधारवरचा पत्ता बदलून घ्यावा, मग अर्जाला हात घालावा.

रुग्णालय निवडताना पोर्टलवर तुमच्या जिल्ह्याची यादी दिसते. त्यात न्यूरॉलॉजीचा विभाग असलेलं मोठं रुग्णालय घ्या, जवळचं म्हणून कुठलंही नको. नोंदणी क्रमांकाची प्रिंट काढून ठेवा, मोबाइलवर असली तरी. नव्या नियमांत प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिन्यांची आहे.

फाइल कशी लावायची

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा. पार्किन्सन्स घड्याळाप्रमाणे बदलतो. लिव्होडोपाची, म्हणजे या आजारावरच्या मुख्य औषधाची, गोळी लागू पडली की माणूस चालतो, बोलतो, हसतो. तिचा असर उतरला की शर्टाचं बटण लागत नाही. याला ‘ऑन’ आणि ‘ऑफ’ म्हणतात. टक्के ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बोर्डासमोर तुम्ही ‘ऑन’मध्ये बसलात तर “तुम्ही तर चांगले दिसताय” हे वाक्य ऐकायला मिळतंच. मला मिळालं.

यावर काही जण गोळी चुकवून जायचा सल्ला देतात. तो बिलकुल ऐकू नका. गोळ्या मनाने थांबवणं धोक्याचं आहे, आणि रांगेत पाय गोठले तर पडाल ते वेगळंच. त्यापेक्षा न्यूरॉलॉजिस्टकडून सविस्तर पत्र घ्या : निदान कधी झालं, कोणती बाजू जास्त धरते, गोळ्या किती वाजता आणि किती, दिवसातून किती तास ‘ऑफ’ जातात, चालताना पाय अडकतात का, किती वेळा पडलात. एमआरआय लावाच, पण त्याच्यावर भिस्त ठेवू नका. या आजारात तो बरेचदा नॉर्मल येतो आणि निदान डॉक्टरांच्या प्रत्यक्ष तपासणीवरूनच होतं. घरच्यांनी काढलेला ‘ऑफ’चा दोन मिनिटांचा व्हिडिओ जवळ ठेवा. पाच वर्षांपूर्वीचं आणि आजचं हस्ताक्षर एकाच कागदावर दाखवा. अक्षर बारीक-बारीक होत जाणं हे या आजाराचं लक्षणच आहे.

टक्के कमी मिळाले असं वाटलं तर निर्णयाच्या तारखेपासून ९० दिवसांत अपील करता येतं. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर त्यावरची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा.

नोकरीत याचा उपयोग

सरकारी नोकरी, महापालिका, सरकारी बँक किंवा सरकारी कंपनीत असाल तर कायद्याच्या कलम २० चं चौथं उपकलम पाठ करा. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही, पदही खाली आणता येत नाही. चालू काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसऱ्या पदावर घ्यायचं; तसं पद नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत जादा पदावर ठेवायचं. म्हणून “स्वेच्छानिवृत्ती घेऊन टाका, तुम्हालाच सोपं पडेल” असं कुणी आपुलकीने सुचवलं तर त्या दिवशी काहीही सही करू नका.

खाजगी कंपनीत इतकं भक्कम कवच नाही. पण प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. ते एचआरकडे मागा आणि त्याचा हवाला देऊन लेखी अर्ज करा : गर्दी टळेल अशी वेळ, गोळीच्या वेळी दहा मिनिटं, माउसऐवजी दुसरी सोय, काही दिवस घरून काम. मोघम ‘सहकार्य करावे’ लिहू नका, नेमकं मागा. दाद लागली नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, म्हणजे पुण्याला, तक्रार करता येते.

नव्या सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणात मात्र पार्किन्सन्सचं नाव नाही. ते समजून अर्ज भरा.

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल तर जादा मुदतीच्या आजारपणाच्या लाभाच्या यादीत पार्किन्सन्स आहे. दोन वर्षं विमित नोकरी आणि त्याआधीच्या चार अंशदान काळांत (विम्याचा हप्ता मोजण्याचे सहा-सहा महिन्यांचे टप्पे) किमान १५६ दिवसांचं अंशदान असेल तर वेतनाच्या ८० टक्के रक्कम मिळू शकते. हे कुणी आपणहून सांगत नाही.

कर

१९६१ च्या आयकर कायद्याच्या ८०डीडीबी कलमाखाली उपचारखर्चावर ४०,००० रुपयांपर्यंत वजावट आहे, रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत. पार्किन्सन्ससाठी ४० टक्के दिव्यांगत्व आणि न्यूरॉलॉजिस्टचं प्रिस्क्रिप्शन लागतं, आणि हे जुन्या करप्रणालीतच चालतं. विम्यातून मिळालेली रक्कम वजा होते. नव्या २०२५ च्या कायद्यात कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा सीएला जुना क्रमांक सांगून नवा विचारा. पगारातून वर्षाला कापला जाणारा २,५०० रुपयांचा व्यवसाय करही कायमस्वरूपी शारीरिक अपंगत्व असलेल्यांना माफ आहे. तात्पुरत्या प्रमाणपत्राची अडचण इथे जाणवते.

आणि एक काम याच आठवड्यात करा : बँकेतली सही. अक्षर बारीक झालं की चेक परत यायला लागतात. हात चालतोय तोवर छोटी, सोपी सही नव्याने नोंदवा आणि खातं घरच्या कुणाबरोबर संयुक्त नावाने करून घ्या. पुढे सही अजिबात जमेनाशी झाली तर रिझर्व्ह बँकेच्या सूचनांप्रमाणे दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. काउंटरवर ‘असं चालत नाही’ म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांना भेटा.