यकृताचा काढा: शियाओ छाइहू थांगची पार्श्वभूमी

चिनी वनस्पतींमुळे यकृताची इजा टळू शकते, असे सांगणाऱ्या बऱ्याच बातम्या उंदरांवरच्या प्रयोगांपाशीच थांबतात. एक काढा मात्र त्यापुढे गेला. जपानमधल्या यकृतरुग्णांनी तो वर्षानुवर्षे घेतला. त्यामुळे त्याने काय दिले आणि काय हिरावले, या दोन्हींची नोंद झाली. चिनी भाषेत त्याला शियाओ छाइहू थांग म्हणतात, जपानीत शो-साइको-तो.

त्याची कृती इसवी सन २०० च्या सुमारास, हान राजवटीच्या अखेरीस, चांग चोंगचिंग या वैद्याने लिहून ठेवली. आपल्या दोनशेहून अधिक माणसांच्या गोतावळ्यातली दोन तृतीयांश माणसे दहा वर्षांच्या आत दगावली आणि त्यातली बहुतेक तापाने गेली, असे त्याने प्रस्तावनेत म्हटले आहे. हा काढाही तापासाठीच होता. आलटूनपालटून थंडी आणि ताप, बरगड्यांखाली दडपण, तोंडाला कडवटपणा, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, अशा रोग्याला तो द्यायचा. यकृताच्या जुनाट आजाराचा तिथे उल्लेख नाही. बरगड्यांखालचे दडपण आणि मळमळ ही यकृतरुग्णाचीही लक्षणे असल्याने पुढे नाते जुळले असावे.

काढ्यात सात घटक. छाइहू ही कोथिंबिरीच्या कुळातली, तिचे मूळ वापरतात. ह्वांगछिन तुळशीच्या कुळातली. पानश्या हा अळूच्या कुळातला कंद. कच्चा खाल्ला तर घसा खाजवतो, म्हणून प्रक्रिया करून घेतात. शिवाय जिनसेंग, आले, चिनी बोर आणि आपल्या ज्येष्ठमधाचा चिनी भाऊबंद.

चिनी वैद्यक जपानमध्ये जाऊन 'कांपो' झाले. १९७६ साली जपानने बरीच कांपो औषधे सरकारी आरोग्य विम्यात घेतली. कारखान्यात बनलेली भुकटीची पाकिटे आधुनिक डॉक्टर लिहून देऊ लागले. त्या काळात तिथे रक्त आणि सुयांमधून पसरलेल्या हिपॅटायटिसचे रुग्ण खूप होते. हिपॅटायटिस सीचा विषाणू तर १९८९ मध्ये ओळखला गेला. तोवर हाताशी नेमका उपाय नव्हता. त्या पोकळीत शो-साइको-तो शिरले.

त्याला आधारही होता. यकृताला मार बसला की तिथल्या तारकापेशी चेतवल्या जातात आणि व्रणासारखे तंतू विणू लागतात. त्यातूनच यकृत घट्ट होत सिऱ्होसिस होतो. ह्वांगछिनमधली बायकॅलिन आणि बायकॅलेइन ही द्रव्ये ऑक्सिडीकरणाचा ताण कमी करतात आणि या पेशींना आवर घालतात, असे उंदरांत दिसले. माणसांवरची महत्त्वाची चाचणी ओसाकाची. सिऱ्होसिसचे २६० रुग्ण, पाच वर्षांची देखरेख, निकाल १९९५ मध्ये. काढा घेणाऱ्यांत यकृताचा कर्करोग कमी आढळला. एकूण गटातला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला थोडक्यात उतरला नाही. हिपॅटायटिस बी नसलेल्या रुग्णांत मात्र तो ठळक होता. आशा वाटावी असाच निकाल होता तो.

पण धोक्याची खूण आधीच दिसू लागली होती. काढा घेणाऱ्या काहींना कोरडा खोकला, धाप आणि ताप येई. फुफ्फुसाच्या ऊतीचाच दाह होई. हिपॅटायटिसवर दिल्या जाणाऱ्या इंटरफेरॉन या औषधाची इंजेक्शने सोबत असली तर धोका वाढे, म्हणून ही जोडी निषिद्ध ठरली. मार्च १९९६ मध्ये जपानच्या आरोग्य मंत्रालयाने तातडीचा इशारा दिला: ८८ रुग्ण, त्यात १० मृत्यू. पुढे सिऱ्होसिस आणि यकृताचा कर्करोग असलेल्यांनाही हे औषध देण्यास मनाई झाली. ज्यांना वाचवायला ते दिले जात होते, नेमक्या त्यांनाच.

माझ्या मते दोष एकट्या वनस्पतींचा नाही. चांग चोंगचिंगचा रोगी काही दिवस काढा घेई, तोही लक्षणे जुळली तर. जपानमध्ये रक्ततपासणीत हिपॅटायटिस निघाला की तोच काढा वर्षानुवर्षे चालू ठेवला गेला. रोग्याची प्रकृती पाहून औषध ठरवण्याची कांपोची स्वतःची शिस्त तिथे सुटली.

तरी वनस्पतींना पूर्ण निर्दोष म्हणता येत नाही. अमेरिकेत सांधेदुखीसाठी लिंब्रेल नावाचे उत्पादन विकले जाई, ह्वांगछिन आणि आपल्या खैराच्या अर्कांचे. त्यानेही फुफ्फुसाचा दाह आणि यकृताची इजा झाल्याच्या तक्रारी आल्या. तिथल्या औषध प्रशासनाने २०१७ च्या अखेरीस ते परत घ्यायला सांगितले आणि २०१८ च्या जानेवारीत ते बाजारातून गेले. म्हणजे उंदराच्या यकृताला जपणारी वनस्पती काही माणसांच्या यकृताला बाधू शकते. ज्येष्ठमधही जास्त काळ घेतला तर रक्तातले पोटॅशियम उतरते आणि रक्तदाब चढतो.

हिपॅटायटिस सी आता काही आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांत पूर्ण बरा होतो. शो-साइको-तो जपानमध्ये अजून मिळते. कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला तर औषध लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा, अशी सूचना त्यासोबत दिलेली असते.