डिपर मारला की प्रकाश जातो कुठे?

समोरून ट्रक आला की आपण ‘डिम कर’ म्हणतो. पण साध्या हॅलोजन बल्बवर छापलेलं असतं ‘60/55 वॅट’: अपरला 60, डिपरला 55. फरक जेमतेम पाच वॅटचा. म्हणजे वीज जवळपास तेवढीच जळते; प्रकाश थोडा घटतो, पण मुख्य म्हणजे तो खाली वळतो.

सुरुवातीच्या गाड्यांना कार्बाइडचे दिवे असत. कार्बाइडवर पाणी ठिबकायचं आणि त्यातून निघणारा ॲसिटिलीन वायू जळायचा. पुढे विजेचे दिवे आले, तसा डोळे दिपण्याचा त्रासही वाढला. 1915 मध्ये अमेरिकेतल्या गाइड लॅम्प कंपनीने झोत खाली करता येणारे दिवे आणले, पण त्यासाठी गाडी थांबवून खाली उतरावं लागे. 1917 मध्ये कॅडिलॅक या मोटार कंपनीने आतच दांडा दिला, तेव्हा कुठे सुटका झाली. ब्रिटनमध्ये 1930 च्या दशकात एक वेगळीच तऱ्हा होती: डिप केलं की एका दिव्याचा परावर्तक, म्हणजे बल्बमागचा वाटोळा आरसा, डावीकडे खाली झुके आणि दुसरा दिवा चक्क विझे. आपला ‘डिपर’ या ‘डिप’मधूनच आला.

खरी युक्ती मात्र ऑसराम या जर्मन कंपनीच्या 1924 च्या ‘बायलक्स’ बल्बची. एकाच काचेत दोन फिलामेंट, म्हणजे तापून उजळणाऱ्या तारा. 1971 पासूनचा एच-फोर हॅलोजन बल्ब हातात घेऊन पाहिलात तर तीच रचना दिसेल. अपरची तार परावर्तकाच्या नाभीपाशी (फोकसपाशी) असते, म्हणून तिचा झोत सरळ लांब जातो. डिपरची तार थोडी पुढे, आणि तिच्याखाली पत्र्याची इवलीशी वाटी. खाली जाणारा प्रकाश वाटी अडवते. उरलेला परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावर आपटून रस्त्याकडे उतरतो. वाटीची एक कड जरा तिरकी कापलेली असते, म्हणून आपल्याकडे झोत डाव्या बाजूला किंचित वर चढतो. कडेने चालणारा माणूस दिसतो तो त्यामुळे.

बटण बराच काळ पायाशी असायचं. जुन्या ॲम्बॅसेडरमध्ये डाव्या पायाने ते दाबलेलं अनेकांना आठवत असेल.

भिंगातून झोत टाकणाऱ्या प्रोजेक्टर दिव्यात वाटीचं काम हलती झडप करते. पण जुन्या एच-फोरच्या घरात स्वस्तातला एलईडी बल्ब बसवला की बऱ्याचदा चकाकणारा भाग तारेच्या नेमक्या जागी येत नाही. मग डिपर मारूनही समोरचा शिव्याच घालतो, आणि त्याचं चुकत नाही.