सामायिक नागरी वाहतूक, सोलापूर

शहरबस, शेअर रिक्षा अशा वाहनांचे मार्ग, वेळा व दर कष्टकऱ्यांच्या खिशाला झेपतील असे ठरवणे म्हणजे सामायिक वाहतुकीचे नियोजन. 2011च्या जनगणनेनुसार सोलापूरची लोकसंख्या 9,51,558 होती. 1992च्या हद्दवाढीने शहराचे क्षेत्र सुमारे 178 चौ. किमी झाले आणि पायी उरकणारी कामे दूर गेली. शहरबस महापालिकेचा परिवहन उपक्रम चालवतो.

विडी कामगार स्त्रिया विड्या घरी वळतात, पण तयार माल द्यायला आणि पाने-तंबाखू आणायला त्यांना कारखान्यात जावेच लागते. त्यांच्यासाठी उभारलेली गोदूताई परुळेकर वसाहत कुंभारीत, दक्षिण सोलापूर तालुक्यात आहे. तिथल्याच रे नगरातील 15,000 घरे 19 जानेवारी 2024 रोजी कामगारांना मिळाली. घर आवाक्यात आले, पण शहरात येण्याचे भाडे मागे लागले. महापालिकेच्या हद्दीपाशी थांबणारा आराखडा अशा वस्त्यांना उपयोगाचा नाही. दर ठरवतानाही एका तिकिटाकडे न पाहता गाडी बदलून होणारा येण्याजाण्याचा पूर्ण खर्च मजुरीशी ताडून पाहायला हवा.

बसचा भरवसा फेऱ्यांवर असतो. थांब्यांसह जाऊन येण्यास 60 मिनिटे लागणाऱ्या मार्गावर दर 10 मिनिटांनी बस हवी असेल, तर 6 गाड्या सतत धावत्या लागतात. एखादी बंद पडेल म्हणून राखीव गाडी वेगळी. गाड्या थोड्या असतील, तर त्या अनेक मार्गांवर विखरण्यापेक्षा अक्कलकोट रोड, होटगी रोड, विजापूर रोड अशा मुख्य रस्त्यांवर नेमाने सोडणे बरे. आतल्या वस्त्यांतून तिथवर शेअर रिक्षा आणते.

मीटरची रिक्षा कायद्याने कंत्राटी वाहन असते. वाटेत सीट घेत-उतरवत जाण्याची मुभा तिला नसते. त्यासाठी मार्ग व प्रतिसीट दर प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाने मंजूर करावे लागतात. मंजूर दर थांब्यावर ठळक लिहिलेला असावा, म्हणजे बाईमाणसाला रोज घासाघीस करावी लागत नाही. मात्र 3 सीटच्या रिक्षांनी बसची जागा भरून निघत नाही: 40 माणसांना 14 रिक्षा लागतात आणि नवी पेठेसारख्या दाट भागात तेवढ्या उभ्या करायलाही जागा नाही.

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या काळात नंदीध्वजांच्या मिरवणुकीसाठी मध्य शहरातील वाहतूक वळवावी लागते, म्हणून त्या दिवसांचे वेळापत्रक वेगळे काढून आधीच थांब्यांवर लावणे गरजेचे असते.